गगनचुंबी निवासवास्तू
केवळ राहण्यासाठी योजिलेल्या, परिसरातील इतर घरांच्या मानाने फार उंच असलेल्या व उद्वाहकावाचून (लिफ्टवाचून) वापरता न येणाऱ्या बहुमजली इमारतीस गगनचुंबी निवासवास्तू म्हणता येईल. किती मजल्यांपासून इमारत गगनचुंबी मानावी, याविषयी एकमत नाही. अग्निसुरक्षेच्या दृष्टीने भारतीय राष्ट्रीय इमारत संहिता १५ मी. व त्याहून अधिक उंचीची प्रत्येक इमारत उंच समजते. तर उंच काँक्रीट इमारतींच्या संरचनेविषयीचे भारतीय मानक १६७०० हे ५० मी. ते २५० मी. उंचीच्या इमारतींना लागू पडते. कचेऱ्यांच्या उंच इमारतीपेक्षा निवासी इमारतीची निकड वेगळी असते. कचेरीत माणूस आठ तास बसतो आणि सायंकाळी निघून जातो. घरात मात्र स्वयंपाक होतो, कपडे वाळतात, मुले खेळतात, वृद्ध माणसे दिवसच्या दिवस घालवितात. त्यामुळे प्रत्येक खोलीला उजेड व वारा, प्रत्येक मजल्याला पुरेसे पाणी आणि प्रत्येक कुटुंबाला थोडीतरी मोकळी जागा देणे, हे निवासवास्तूच्या अभिकल्पातील मूळ प्रश्न ठरतात. महाराष्ट्रात या वास्तुप्रकाराचा विकास मुख्यत्वे मुंबईत झाला. परंतु ज्या कापसाच्या व्यापारावर मुंबईचे औद्योगिक वैभव उभे राहिले, त्याचा एक मोठा स्रोत अमरावती-अकोल्याचा वऱ्हाड प्रदेश होता. आता त्या प्रदेशातील शहरांपुढेही उंच इमारतींचा प्रश्न उभा राहिला आहे.

पूर्वपीठिका : उंच बांधण्याची आकांक्षा जुनी असली, तरी उंच राहण्याची सोय अर्वाचीन आहे. केवळ विटा-दगडांच्या भारवाही भिंतींवर इमारत उंच नेली, तर खालच्या भिंती अतोनात जाड कराव्या लागतात. शिकागो येथील १६ मजली मोनॅडनॉक इमारतीच्या (१८९१) तळाशी भिंतींची जाडी सु. १.८ मी. ठेवावी लागली. या अडचणीतून धातूच्या सांगाड्याने वाट काढली. विल्यम ल बॅरन जेनी या वास्तुविशारदाची शिकागोतीलच होम इन्शुअरन्स इमारत (१८८५) मुळात दहाच मजल्यांची होती. परंतु तिचा भार मुख्यतः लोखंड व पोलाद यांच्या सांगाड्याने पेलला होता आणि त्यामुळे तिला गगनचुंबी इमारतींची जननी मानण्याचा प्रघात पडला. ती १९३१ मध्ये पाडण्यात आली. एलिशा ग्रेव्हज ओटिस याने दोर तुटला तरी कोसळणार नाही असा सुरक्षित उद्वाहक तयार केला व १८५७ मध्ये न्यूयॉर्कमधील एका दुकानात प्रवासी उद्वाहक सुरू झाला. तोपर्यंत वरचा मजला जिने चढण्याच्या कष्टामुळे स्वस्त असे. उद्वाहकाने हा क्रम उलटविला व वरचा मजला सर्वांत महाग झाला.

सलोह काँक्रीटच्या सांगाड्याची पहिली उंच इमारत म्हणून सिनसिनाटी येथील १६ मजली इंगल्स इमारतीचा (१९०३) उल्लेख केला जातो. निवासवास्तूंपुरते पाहिल्यास दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ महत्त्वाचा आहे. ल कॉर्ब्यूझ्ये याने मार्सेल येथे १९४७ ते १९५२ या काळात ३३७ सदनिकांचे एक उभे गावच उभारले. मीस व्हान डर रोअ याने शिकागोच्या सरोवरकाठी २६ मजल्यांचे दोन काचमंडित मनोरे (१९५१) बांधले. ढाक्यात जन्मलेल्या फझलुर रहमान खान (१९२९–८२) या अभियंत्याने इमारतीच्या बाह्य परिघावरील जवळजवळचे स्तंभ एका पोकळ नळीप्रमाणे एकत्र काम करतील, अशी रचना रूढ केली. शिकागोतील १०० मजली जॉन हॅनकॉक सेंटर (१९६९) ही त्याच विचाराची परिणती असून तिच्या वरच्या मजल्यांवर सदनिका आहेत. न्यूयॉर्कमधील सेंट्रल पार्क टॉवर (२०२०) ही सु. ४७२ मी. उंचीची निवासी इमारत आज जगातील सर्वांत उंच निवासवास्तूंमध्ये अग्रस्थानी आहे.

वऱ्हाडचा कापूस आणि मुंबईची वस्ती : मुंबईतील पहिल्या सूतगिरणीची स्थापना १८५४ मध्ये झाली. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि भारतीय कापसाला अभूतपूर्व भाव आला. निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला वऱ्हाड हा काळ्या जमिनीचा व कापसाचा प्रदेश. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ-नागपूर मार्ग अकोला व बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये पूर्ण झाला. बडनेऱ्याहून अमरावतीस फाटा निघाला व खामगावचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला. पूर्वी बैलांच्या तांड्यांवरून आठवड्यांनी किनाऱ्यास पोहोचणारा कापूस आता सरकी काढून, गाठी बांधून थोड्या दिवसांत मुंबई बंदरात येऊ लागला. अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा येथील बाजारपेठा आणि मुंबईच्या गिरण्या एकाच धाग्याने जोडल्या गेल्या.

गिरण्यांमुळे मुंबईत माणसांचे लोंढे आले. घरे मात्र त्या प्रमाणात आली नाहीत. १८९६ च्या प्लेगने दाट वस्तीचा धोका उघड केला. त्यानंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. १९२० नंतरच्या दशकात विकास विभागाने (बी.डी.डी.) वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे तळमजला व तीन मजले अशा एकूण २०७ काँक्रीटच्या चाळी बांधल्या. एका बाजूला चाळीतील एकखणी बिऱ्हाड व दुसऱ्या बाजूला १९३० च्या दशकात मरीन ड्राइव्हवर उठलेल्या पाच-सहा मजली सदनिकांच्या इमारती, अशी दोन टोके त्या काळी दिसू लागली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूंना संरक्षण दिले. पण भाड्याने देण्यासाठी घरे बांधण्याचा उत्साह त्यानंतर ओसरत गेला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम (१९६०) व मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा अधिनियम (१९६३) यांमुळे सदनिका विकत घेऊन सहकारी गृहनिर्माण संस्थेमार्फत इमारत सांभाळण्याची पद्धती स्थिरावली. एकाच भूखंडावर अनेक मालकांचे घर उभे करण्याची ही कायदेशीर चौकट नसती, तर मुंबईतील उंच निवासवास्तूंचा प्रसार इतक्या वेगाने झाला नसता.

कांचनजंगा, मुंबई : १९६० च्या दशकापासून मलबार हिल व कंबाला हिल या टेकड्यांवर जुने बंगले पाडून वीस-पंचवीस मजली मनोरे उठू लागले. त्यांपैकी बहुतेकांमध्ये एकच मजला वरवर रचीत नेलेला दिसतो. या पार्श्वभूमीवर पेडर रोडवरील कांचनजंगा (अभिकल्प व बांधकाम १९७०–८३) ही इमारत भारतीय हवामानाचा विचार करून घडविलेली गगनचुंबी निवासवास्तू म्हणून वास्तुकलेच्या इतिहासात मान्यता पावली आहे. चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) हे तिचे वास्तुविशारद. प्रवीणा मेहता यांचेही तिच्या अभिकल्पात साहाय्य होते. संरचनेचे अभियंते शिरीष पटेल होते. याच तिघांनी १९६० च्या दशकात मुंबईच्या खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली होती व तिच्यातूनच पुढे नवी मुंबई साकारली.

कांचनजंगेचा मूळ प्रश्न दिशांचा होता. मुंबईत वारा पश्चिमेच्या समुद्रावरून येतो. अरबी समुद्र पश्चिमेस व बंदर पूर्वेस असल्याने दृश्येही याच दोन दिशांना आहेत. म्हणून घर पूर्व-पश्चिम उघडे असावे, हे ओघानेच आले. पण दुपारचे तापते ऊन व पावसाळ्यातील झोडपणारा पाऊसही याच बाजूने येतो. जुन्या बंगल्यांनी हे कोडे सोपेपणाने सोडविले होते : राहण्याच्या खोल्यांभोवती खोल व्हरांड्यांचे वेष्टण घालावयाचे. ऊन व पाऊस व्हरांड्यात अडतात आणि वारा मात्र आत येतो. कोरिया यांनी मुंबईतीलच सोनमर्ग या आपल्या आधीच्या इमारतीत व्हरांडे, अभ्यासिका, न्हाणीघरे अशा दुय्यम जागांचा पट्टा मुख्य खोल्यांभोवती ठेवून हे तत्त्व बहुमजली इमारतीत आजमावले होते. कांचनजंगेत त्यांनी त्या पट्ट्याचे रूपांतर दुमजली उंचीच्या बगीचावजा सज्जात केले. इमारतीचे कोपरे कोरून काढल्यासारखे हे सज्जे बाहेरून दिसतात. सज्जाची उंची दोन मजल्यांची असल्याने त्यात झाडे लावता येतात, हवा कोंडत नाही. आणि खोली मोठी असल्याने ऊन-पाऊस सहजासहजी आतल्या खोल्यांपर्यंत पोहोचत नाही.

इमारतीचा वास्तुकल्प सु. २१ मी. बाजूचा चौरस असून उंची सु. ८४ मी., म्हणजे रुंदीच्या चौपट आहे. एकूण मजले २८, तर सदनिका केवळ ३२ आहेत. तीन ते सहा शयनगृहांच्या या सदनिका चार प्रकारच्या असून त्या एकमेकींत खाचेत खाच बसावी तशा गुंतविल्या आहेत. सदनिकेच्या आतही जमिनीच्या पातळीत थोडेथोडे चढउतार ठेवून बाहेरचा सज्जा व आतल्या खोल्या यांत भेद केला आहे. त्यामुळे उंच इमारतीत राहतानाही स्वतंत्र घराचा काही प्रत्यय येतो. बाह्यांग साधे, पांढऱ्या सपाट भिंतींचे आहे. नक्षी अशी काही नाही. कोपऱ्यांत कोरलेल्या पोकळ्या हाच तिचा अलंकार.

संरचना व बांधणी : उंच इमारतीस उभ्या भारापेक्षा आडवा भार अधिक सतावितो. इमारतीची उंची दुप्पट झाली व वाऱ्याचा दाब तोच राहिला, तर तळाशी तिला उलथून पाडू पाहणारे आघूर्ण चौपट होते आणि माथ्याची झुकण्याची प्रवृत्ती, इतर गोष्टी समान असता, सोळा पटींनी वाढते. भारतीय मानकानुसार मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदास ४४ मी. धरतात, भूकंपाच्या दृष्टीने शहर तिसऱ्या विभागात गणले जात आले आहे. कांचनजंगेत आडव्या भाराला तोंड देण्याचे मुख्य काम सु. ७.८ मी. बाजूच्या मध्यवर्ती काँक्रीट गाभ्याकडे सोपविले आहे. उद्वाहक त्याच्या पोटात आहेत. मजल्याच्या क्षेत्रफळाचा जवळजवळ सातवा भाग या गाभ्याने व्यापला आहे. उंचीसाठी मोजावी लागणारी ही किंमत होय. कोपऱ्यांतील सज्जांसाठी मात्र खांब न देता स्लॅब बाहेर झोकून दिले असून त्यांची लांबी काही ठिकाणी ६.३ मी. पर्यंत आहे. त्यांचा भार कडेच्या काँक्रीट भिंतींनी पेलला आहे.

गाभा उर्वरित इमारतीच्या आधी सरकत्या साच्याच्या पद्धतीने बांधण्यात आला. भारतात बहुमजली इमारतीसाठी या पद्धतीचा हा अगदी आरंभीचा उपयोग होता. नेहमीच्या पद्धतीत एका मजल्याचा साचा ठोकावयाचा, काँक्रीट ओतावयाचे, ते पक्के झाल्यावर साचा काढून वर न्यावयाचा, असा क्रम असतो. सरकत्या साच्याची उंची सुमारे मीटरभरच असते. तो द्रवचलित जॅकांच्या साहाय्याने तासाला काही सेंमी. या गतीने वर चढत जातो. त्याच्या वरच्या तोंडातून ताजे काँक्रीट पडत असते आणि खालच्या तोंडातून स्वतःचा भार सोसण्याइतपत घट्ट झालेली भिंत बाहेर येत असते. हे काम मध्येच थांबविता येत नाही. त्यामुळे वाळू, खडी, सिमेंट व पोलादी गज यांचा पुरवठा, काँक्रीट घट्ट होण्याचा वेळ, साच्याची समपातळी व कामगारांच्या पाळ्या यांचा मेळ रात्रंदिवस जुळवावा लागतो. साचा किंचित कलला, तरी तो कल वरपर्यंत वाढत जातो आणि पुढे उद्वाहकाचे रूळ सरळ बसविणे अवघड होते.

पाणी चढविण्याचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा असतो. दर दहा मीटर उंचीमागे पाण्याचा दाब चौ. सेंमी.स सुमारे एक किग्रॅ.ने वाढतो. ८४ मी. उंचीवरील टाकीतून सरळ खाली नळ जोडला, तर तळमजल्यावर आठ पटींहून अधिक दाब येऊन तोट्या टिकणार नाहीत. म्हणून उंच इमारतींत मध्यंतरी टाक्या किंवा दाब कमी करणाऱ्या झडपा बसवून नळयोजनेचे टप्पे पाडतात. सांडपाणी, कचरा, विजेच्या तारा व आग विझविण्याचे नळ यांच्यासाठीही उभे कूपक सोडावे लागतात.

गिरण्यांच्या जागी मनोरे : १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर मुंबईतील अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत चालल्या नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करण्याची तरतूद होती : एक महापालिकेस मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी व एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी जमिनीच्या केवळ मोकळ्या भागापुरती मर्यादित केली. त्यामुळे सार्वजनिक वाट्याचे क्षेत्र पुष्कळच घटले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती ग्राह्य ठरविली. त्यानंतर लोअर परळ, वरळी, परळ येथील चिमण्यांच्या जागी उत्तुंग मनोरे दिसू लागले. गिरणी कामगारांसाठी घरांची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. ज्यांची नावे यादीत होती, त्यांतील पुष्कळ जण तोवर वृद्ध झाले होते, तर काहींचे वारसच अर्जदार होते.

याच काळात उंचीची मर्यादा झपाट्याने वर गेली. नाना चौकातील श्रीपती आर्केड (२००२) ही ४५ मजली इमारत सु. १५३ मी. उंच आहे. ताडदेव येथील इंपीरियल हे जुळे मनोरे (२०१०) ६० मजल्यांचे असून शिखरासह त्यांची उंची सु. २५४ मी. आहे; झोपडपट्टीच्या जागेवर, तेथील रहिवाशांचे पुनर्वसन करून ते उभारण्यात आले. लोअर परळमध्ये श्रीनिवास मिलच्या जागेवर आरंभी ४४२ मी. उंचीचा मनोरा योजिला होता. परंतु हवाई वाहतुकीच्या कारणास्तव तेवढ्या उंचीस परवानगी मिळाली नाही व तो सु. २८० मी.वर थांबला. सार्वजनिक गृहनिर्माणातही उंचीचा अवलंब झाला आहे. बी.डी.डी. चाळींच्या जागी चाळीस मजली पुनर्वसन इमारती बांधण्याचे काम हाती घेण्यात आले असून वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये घरांचा ताबा देण्यात आला. चाळीच्या सामायिक गॅलरीत वाढलेल्या कुटुंबाचे चाळीसाव्या मजल्यावरचे जीवन कसे असेल, देखभालीचा मासिक खर्च त्याला कसा पेलेल, हे प्रश्न मात्र इमारत पूर्ण झाल्याने सुटत नाहीत. ते तेथून सुरू होतात.

वऱ्हाडातील परिस्थिती : वऱ्हाडातील जुन्या शहरांची घडण आडवी होती. पेंढाऱ्यांपासून सावकार-व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे, म्हणून १८०७ मध्ये निजामाच्या राजवटीत अमरावतीभोवती दगडी परकोट बांधण्यास आरंभ झाला. त्याचा घेर सु. ३.६ किमी. असून त्यास वेशी व खिडक्या होत्या. अकोल्याचा असदगड औरंगजेबकालीन सरदार असदखानाच्या नावाने ओळखला जातो. तटाच्या आत वस्ती दाट असली, तरी घरे बहुधा एक किंवा दोन मजल्यांची असत. जाड मातीच्या भिंती, लाकडी सरे-तुळयांवर पांढरी माती चोपून केलेले धाबे, मध्ये चौक, पुढे ओसरी व ढाळज ही त्यांची सर्वसाधारण धाटणी. मे महिन्यात ४५° से.च्याही पुढे जाणाऱ्या उन्हात जाड भिंत दिवसाचा ताप उशिरा आत सोडते, चौकातून रात्री उष्णता बाहेर पडते व उन्हाळ्यात धाब्यावर निजता येते. कांचनजंगेचा दुमजली सज्जा आणि वऱ्हाडी घराची ओसरी यांचे रूप भिन्न असले, तरी तत्त्व एकच आहे : आत व बाहेर यांच्यामध्ये सावलीचा एक खोल पट्टा हवा. पण मुंबईचा उपाय वऱ्हाडात जसाच्या तसा उचलता येत नाही. तेथे समुद्री वारा वर्षभर हवाहवासा असतो. येथे उन्हाळ्यातील दुपारचा वारा भाजून काढणारा असतो व घर दुपारी बंद करून सायंकाळी उघडावे लागते. वाळ्याच्या ताट्या व कूलर यांवर चालणारी येथील शीतन पद्धती कोरड्या हवेत गुणकारी आहे. परंतु तिला भरपूर पाणी, बाहेरून हवा घेण्यास जागा व ती बाहेर जाण्यास वाट लागते. उंच इमारतीच्या अभिकल्पात कूलरसाठी सावलीतला सज्जा व पाण्याचा नळ आधीच योजिला नाही, तर प्रत्येक खिडकीबाहेर लोखंडी चौकटी लटकू लागतात.

पायाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ज्या काळ्या जमिनीने वऱ्हाडला कापूस दिला, तीच बांधकामास प्रतिकूल आहे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट वर्गाची चिकणमाती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. या हालचालीने हलक्या घरांच्या भिंती तडकतात. रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी खालच्या टोकाजवळ कंदासारख्या फुगीर केलेल्या स्थूणांची (पाइलांची) पद्धती विकसित केली. हंगामी हालचाल जेथे पोहोचत नाही, अशा थरात हा कंद रुतवितात. त्याचा व्यास सामान्यतः स्थूणेच्या अडीच पट असतो. उंच इमारतीस मात्र एवढ्याने भागत नाही. तिचा पाया खालच्या बेसाल्ट खडकापर्यंत न्यावा लागतो अथवा सर्व इमारतीखाली एकसंध जाड तराफा घालावा लागतो. जेथे खडक उथळ आहे, तेथे हे सोपे असते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात मात्र गाळाचे थर अतिशय खोल आहेत. शिवाय अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत मिळून सु. ४,७०० चौ. किमी.चा खारपाणपट्टा पसरला आहे. त्यातील भूजल क्षारयुक्त असल्याने ते काँक्रीट कालवण्यास किंवा भिजविण्यास वापरले, तर आतील गज गंजतात, गंज फुगतो व काँक्रीटचे पोपडे सुटतात. दोन मजली घरात असा दोष दिसतो व दुरुस्त करता येतो. वीस मजली इमारतीच्या तळच्या स्तंभात तो प्राणघातक ठरू शकतो.

पाण्याच्या उपलब्धतेचाही विचार करावा लागतो. अमरावतीस अप्पर वर्धा धरणातून व अकोल्यास महान येथील काटेपूर्णा धरणातून पाणी मिळते. अवर्षणाच्या वर्षी पाणी दिवसांच्या अंतराने सोडावे लागते. बैठ्या घरातील माणूस अशा वेळी विहीर, हापसा वा टँकर यांचा आश्रय घेतो. पंधराव्या मजल्यावरील कुटुंब मात्र सर्वस्वी साठवणटाकी, पंप व वीज यांवर अवलंबून राहते. वीजपुरवठा खंडित झाल्यास त्याचे पाणी व वाट दोन्ही एकदम बंद होतात. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावतीची लोकसंख्या सु. ६.४७ लाख व अकोल्याची सु. ४.२५ लाख होती. मुंबईप्रमाणे या शहरांना समुद्राने वेढलेले नाही. तरीही शहराच्या मध्यभागी जमिनीचे भाव चढल्याने जुने वाडे व बंगले पाडून बहुमजली सदनिका बांधण्याची प्रवृत्ती वाढली. २०२० मध्ये राज्यातील मुंबईव्यतिरिक्त बहुतेक नागरी क्षेत्रांसाठी एकत्रित विकास नियमावली मंजूर झाली आणि उंच बांधणीचे नियम या शहरांनाही बव्हंशी समान झाले. नियम समान झाले, तरी जमीन, पाणी व हवा समान होत नाहीत.

सुरक्षितता : उंच निवासवास्तूंचे बहुतेक नियम अपघातांनंतर घडले आहेत. लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत १६ मे १९६८ रोजी एका स्वयंपाकघरात गॅसचा स्फोट झाला व पूर्वनिर्मित भिंतींचा एक संपूर्ण कोपरा पत्त्यांप्रमाणे कोसळून चौघे मृत्युमुखी पडले. एक भाग निकामी झाला, तरी त्यापाठोपाठ इतर भाग कोसळू नयेत, हे तत्त्व त्यानंतर संहितांत आले. त्याच शहरातील ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेली आग बाह्यांगावरील ज्वालाग्राही आवरणामुळे मजल्यामागून मजला चढत गेली आणि ७२ जण दगावले. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किमी. दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली निवासी इमारती कोसळल्या. वाहने उभी करण्यासाठी तळमजला नुसत्या स्तंभांवर मोकळा ठेवल्याने तो दुबळा झाला होता. पार्किंगसाठी स्तंभांवर उचललेल्या इमारती वऱ्हाडातील शहरांतही सर्रास बांधल्या जातात, म्हणून हा धडा तेथेही उपयोगी आहे. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने अशा इमारतींतील यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक व भोगवटादारांवर टाकली आहे. अग्निशामक शिडी जेथवर पोहोचते त्यापेक्षा उंच मजल्यावर इमारतीची स्वतःची पाण्याची टाकी, धूरमुक्त जिना व आश्रयमजला हेच रहिवाशांचे खरे संरक्षक असतात.

मूल्यमापन : उंची म्हणजे दाटी आणि दाटी म्हणजे अधिक लोकांना घरे, हे समीकरण नेहमीच खरे ठरत नाही. कांचनजंगेच्या २८ मजल्यांत ३२ कुटुंबे राहतात. उलट तिच्याच वास्तुविशारदाने नवी मुंबईतील बेलापूर येथे (१९८३–८६) सात-सात घरे ८ मी. बाजूच्या अंगणाभोवती मांडून, एकही मजली मनोरा न उभारता, दर हेक्टरी सु. ५०० माणसांची वस्ती साधून दाखविली. प्रत्येक घराच्या भिंती स्वतंत्र असल्याने कुटुंबाला आपल्या ऐपतीप्रमाणे व गरजेप्रमाणे घर वाढविता येते आणि गावातला मिस्त्रीदेखील ते बांधू शकतो. उंच इमारतीत यातले काहीच शक्य नसते; तिच्यात घर एकदाच, एकदम व पुरेपूर किंमत मोजून घ्यावे लागते व पुढेही उद्वाहक, पंप व रंगरंगोटी यांचा खर्च पिढ्यान्‌पिढ्या करावा लागतो. मुंबईसारख्या जमीन मर्यादित असलेल्या बेटावर गगनचुंबी निवासवास्तू टाळता येण्याजोगी नाही, असे म्हणता येईल. त्यामुळे तेथे खरा प्रश्न ती बांधावी की नाही हा नसून, तिच्यातील वारा, सावली, मोकळी जागा व जमिनीचा वाटा कोणाच्या पदरी पडतो, हा आहे. वऱ्हाडातील शहरांना मात्र निवडीची संधी अद्याप आहे. काळ्या जमिनीवर, टंचाईच्या पाण्यावर व कडक उन्हात बांधावयाचे घर किती उंच असावे, याचे उत्तर मुंबईच्या क्षितिजाकडे पाहून नव्हे, तर ओसरी, चौक व धाबे यांनी जे शिकविले त्याचा शास्त्रीय अभ्यास करूनच मिळण्यासारखे आहे. कापूस ज्या दिशेने गेला, त्याच दिशेने घराचा नमुनाही आणावा, असे बंधन नाही.